मूनाच्या घरातली साखर

शहराबाहेरच्या बॉन्टेह्यूवल वस्तीत आमच्या गल्लीचा रविवार उजाडायचा तो मूनाच्या कढईच्या वासानं. पुरुष फजरची नमाज आटपून मशिदीतून परतायच्या आत बायका गाउनवरच डोक्याला स्कार्फ गुंडाळून, हातात आपापलं भांडं घेऊन तिच्या मागच्या दाराशी उभ्या असायच्या. मुसलमान बायका, ख्रिस्ती बायका, नवऱ्याशी भांडून आलेल्या, रात्रपाळी करून थेट आलेल्या. सगळ्यांना मूनाचे कूसिस्टर हवे असायचे, आणि तेही गरम. बटाटा घालून मळलेलं सैल पीठ, त्यात बडीशेप, दालचिनी, वेलची, सुंठ आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड. हाताला तेल लावून लांबट गोळे करायचे, तळायचे, पाकात एक उकळी द्यायची आणि वरून खोबऱ्याचा कीस. गोऱ्यांच्या दुकानात याच नावाची वेणी घातलेली एक चिकट वस्तू मिळते. तिचं नाव मूनासमोर काढायची सोय नव्हती. काढलंत तर तुमचं भांडं रिकामं परत जायचं.

मयमूना हे तिचं पूर्ण नाव, पण त्या नावानं तिला फक्त डॉक्टर हाक मारत. बाकी सगळ्यांची ती मूना, धाकट्यांची टिटी मूना. टिटी म्हणजे थोरली बहीण, जसा बूटा म्हणजे थोरला भाऊ, आणि गल्लीत अर्ध्या लोकांची ती थोरली बहीणच होती. तिच्या आजीचं घर डोंगराच्या पायथ्याशी, शहरात. गोऱ्या सरकारनं तिथून गोऱ्या नसलेल्या सगळ्यांना उचललं आणि इथे वाळूत आणून टाकलं, तेव्हा आजी लॉरीत पाकाचं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. ते पातेलं नातीकडे आलं, हात आला, आणि जीभही आली. कोणी उधारीवर मागितलं तर मूना आधी चार शिव्या द्यायची आणि मग मोजल्यापेक्षा दोन जास्तच घालायची.

तिचा नवरा गसांत शिंपी. नवीन वर्षाला तोंडं रंगवून, बॅंजो वाजवत शहरातून मिरवतात ना, त्या टोळ्यांचे सॅटिनचे कोट तो शिवायचा. नोव्हेंबर लागला की घरात पाय ठेवायला जागा नसे, जिकडेतिकडे हिरवं, गुलाबी, पिवळं झगझगीत कापड. माणूस असा गरीब स्वभावाचा की त्याच्या तोंडात 'नाही' हा शब्द अल्लानं घातलाच नव्हता. तीन टोळ्यांना एकाच तारखेचा शब्द द्यायचा आणि मग पंधरा दिवस मशीनवरून उठायचा नाही. "अरे, एकाला तरी नाही म्हण!" मूना ओरडायची. "म्हणतो, म्हणतो," असं म्हणून तो तिलाही हो म्हणायचा.

गसांतला साखर होती. आमच्याकडे या दुखण्याला नुसतं साखरच म्हणतात, आणि कोणाला आहे असं कोणी विचारत नाही, कोणाला नाही असं विचारतात. एकदा टाचणी त्याच्या पायाच्या बोटात शिरली आणि त्याला कळलंच नाही. दुखलंच नाही तर कळणार कसं? मोजा काढला तेव्हा मूनाला दिसलं. बोट काळं पडलं होतं. ते कापावं लागलं. कापणारा डॉक्टर म्हणाला, "साखर अशीच राहिली तर पुढच्या वेळी गुडघ्यापासून."

गुडघ्यापासून! मूनाला त्या रात्री जेवण गेलं नाही. मशीनचं पायडल दाबायला पाय लागतो. पाय गेला की गसांत शिंपी राहत नाही, आणि शिंपी राहिला नाही तर गसांत राहील की नाही, याचीच तिला धास्ती. तिनं मनाशी पक्कं केलं, काय वाटेल ते होवो, या माणसाचा पाय जाऊ द्यायचा नाही. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेनासं झालं.

आता पाय वाचवायचा कसा, हे सांगायला माणसं कमी नव्हती. क्लिनिकमध्ये सिस्टर मजोला होती. पहाटे जाऊन बाकावर बसायचं, ऊन डोक्यावर आलं की नंबर लागायचा, आणि मग सिस्टर ओरडायची. बाई वाईट नव्हती, पण दिवसाकाठी एवढ्या लोकांना ओरडून तिचा तोच आवाज झाला होता. "बूटा गसांत, हा काय आकडा आहे? पुन्हा कूसिस्टर? मटणाची चरबी काढून टाका म्हटलं होतं ना? लोणी बंद. तेल चमचाभर. ब्राऊन ब्रेड, ओट्स, डाळी. कोणाला सांगते मी, भिंतीला?"

"होय सिस्टर," गसांत शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून म्हणायचा. बोट गेल्यावर तिनं त्याची इन्सुलिनची सुई वाढवली, सकाळी इतकी, संध्याकाळी इतकी, आणि पुढची तारीख दिली.

आणि दुसऱ्या बाजूला होता इहसान, त्यांचा एकुलता एक मुलगा. मोटारींच्या शोरूममध्ये सेल्समन, टाय लावणारा, घर घेतलं तेही डोंगराच्या पलीकडच्या चांगल्या वस्तीत. पूर्वी तोही बापासारखाच गोल होता. पण त्याच्या ऑफिसातल्या गोऱ्यांनी एक नवं खाणं धरलं होतं. भात नाही, ब्रेड नाही, बटाटा नाही, साखर तर नाहीच. उलट चरबी खा, लोणी खा, साय खा. इहसाननंही धरलं आणि सहा महिन्यांत पोट आत गेलं, गालाची हाडं वर आली. तेव्हापासून तो दुसरं काही बोलेनासाच झाला. माणूस हज करून आल्यावर जसा बोलतो, तसा तो फ्लॉवरबद्दल बोलायचा.

एका रविवारी जेवताना त्यानं बापाचं ताट पुढ्यातून ओढून घेतलं. "पापा, हा भात म्हणजे विष आहे. चमच्यानं साखर खाताय तुम्ही, कळतंय का?"

"भात विष?" मूना उसळली. "तुझ्या लग्नात डेगा भरभरून ब्रियानी संपली. तेव्हा नाही कोणी मेलं ते!"

"मेलं नाही, मम्मा. पण बोट गेलं ना?"

शेजारचा तोयर जेवायला होता. म्हातारा पूर्वी मिनीबस टॅक्सी चालवायचा, आणि तोही सुई घेणाराच. तो हसत म्हणाला, "टीव्हीवर मोठमोठे डॉक्टर कोंबड्यांसारखे झुंजतायत यावरून. एक म्हणतो लोणी खा, दुसरा म्हणतो लोणी खाल तर मराल. मी म्हणतो दोघांचंही ऐका, ब्रेडला लोणी लावून खा!"

सगळे हसले. इहसान नाही हसला. "हसा तुम्ही, बूटा तोयर," तो म्हणाला, "पण क्लिनिकचं ऐकून ऐकून पापांचं काय झालं ते बघा. वर्षानुवर्षं ब्राऊन ब्रेड खाल्ला ना त्यांनी? मग? मला पाय असलेला बाप हवाय." एवढा मोठा टाय लावणारा पोरगा, ताटावर बसून रडला.

मूनानं त्याच दिवशी ठरवलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? क्लिनिकच्या वाटेनं बोट गेलं होतं, आणि मुलाचं सुटलेलं पोट डोळ्यांदेखत आत गेलं होतं. आता मूनाची एक गोष्ट होती, एकदा ठरवलं की अर्धवट करणं तिच्या रक्तात नव्हतं. साखर, मैदा, तांदूळ, बटाटे, मध, जॅम, सगळं पिशव्यांत भरून तिनं चर्चच्या लंगरखान्याला देऊन टाकलं. चहात घालायलासुद्धा चिमूट ठेवली नाही. आणि रविवारची कढई बंद केली. बायका भांडी घेऊन आल्या आणि बंद दार बघून परत गेल्या. "अगं, आम्हाला कसली शिक्षा?" कोणीतरी खिडकीतून ओरडलं. मूना आतून ओरडली, "घरात पाकाचा वास सुटला तर तो माणूस खाईल! पाय तुम्ही द्याल का त्याला तुमचा?"

तेवढ्यानं भागणार नव्हतं. आमच्याकडे शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत. आज तुमच्याकडून खीर आली की उद्या त्याच ताटलीतून आमचा केक. रोज संध्याकाळी गल्लीत ताटल्यांची ही ये-जा चालूच असते. गसांत तर दार उघडून ताटलीवरचा रुमाल काढायच्या आधीच तोंडात टाकणारा. म्हणून मूना दारोदार फिरली. "आजपासून माझ्या घरी गोड पाठवायचं नाही. कोणी पाठवलं तर ते माझ्या नवऱ्याचा पाय कापायला करवत पाठवल्यासारखं समजेन मी."

"मग काय पाठवू, वीट?" गलीमानं विचारलं. गलीमा तोयरची बायको, मूनाची लहानपणापासूनची मैत्रीण. पण पाठवलं तिनं. उकडलेली अंडी, तळलेली कलेजी, चरबीसकट मटणाच्या फोडी. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मूनाचा शब्द होता तो, आणि गसांतवर जीवही होता सगळ्यांचा.

गसांतनं बिचाऱ्यानं काय केलं? त्यानं सगळ्यांना हो म्हटलं. मुलाला हो म्हणून फ्लॉवर किसून केलेला भात खाल्ला. "हा भात म्हणजे भाताचं भूत आहे," एवढंच तो म्हणाला. आणि सिस्टरलाही हो म्हटलेलं होतंच, म्हणून वाढवलेली सुई सकाळ-संध्याकाळ नेमानं टोचून घेतली. एका हातानं एकाची आज्ञा, दुसऱ्या हातानं दुसरीची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं त्याचं, पण ते कोणाच्या ध्यानात येणार?

वजन उतरायला लागलं. इहसान दर रविवारी बापाला उभं करून फोटो काढायचा. मधे औषधं आणायला गसांत क्लिनिकमध्ये गेला तर सिस्टर मजोलानं आकडा बघून टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या सगळ्यांना दाखवलं, "बघा, बघा, याला म्हणतात ऐकणं! काय खाता बूटा गसांत, सांगा सगळ्यांना."

"ओट्स, सिस्टर. ब्राऊन ब्रेड," गसांत म्हणाला.

"बघितलंत? ओट्सची कमाल! आहे तस्संच चालू ठेवा. सुईही आहे तशीच."

घरी येऊन त्यानं मूनाला हे सांगितलं तेव्हा दोघं पोट धरधरून हसली. "ओट्स म्हणे! मेल्या, खोटारड्या!" मूनानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मग काय सांगू? लोणी खातो सांगितलं असतं तर तिनं मला तिथेच पुरलं असतं," तो म्हणाला. किती दिवसांनी ती दोघं अशी हसली होती.

रात्री त्याला घाम यायला लागला. उशी ओली व्हायची. कधी हात थरथरायचे, सुईत दोरा जायचा नाही. कधी विनाकारण चिडायचा, आणि गसांत चिडतो म्हणजे काय! मूनानं इहसानला फोन केला. "अगं मम्मा, चांगलं लक्षण आहे ते," तो म्हणाला. "दारुड्याची दारू सोडवली की तो थरथरतो ना? तसं. शरीर साखर सोडतंय. थोडं मीठ घातलेलं सूप दे." मूनानं सूप दिलं. घरात साखर मोजायचं यंत्र होतं, पण क्लिनिकमधून मिळालेल्या पट्ट्या संपल्या होत्या. आणि सगळं बरं चाललेलं असताना पट्ट्या मागायला पुन्हा बाकावर कोण बसणार?

मग तो शुक्रवार. गसांत जुम्म्याला चालत गेला, चालत आला. बरं वाटत होतं त्याला, चालवत होतं, म्हणून मूनानं अडवलं नाही. सकाळी लोण्यात दोन अंडी, बस. परत येऊन तो मशीनवर बसला. मूना कपडे वाळत घालत होती. आतून मशीनचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मग तो हसायला लागला, एकटाच.

ती आत आली. गसांतनं हिरव्या कोटाची बाही गळ्याला शिवली होती. शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. "रुकेया," तो म्हणाला, "दार लाव, वारा येतोय." रुकेया ही त्याची बहीण, ती जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

मूनाला एकच गोष्ट सुचली. साखर चढली! मशिदीत कोणीतरी याला काहीतरी चारलं! "काय खाल्लंस?" तिनं त्याचे खांदे गदागदा हलवले. "गसांत, खरं सांग. कोणी दिलं? कुठल्या मेल्यानं दिलं तुला?" तो नुसता हसत होता, जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले. तिनं त्याचे खिसे उलटे केले. रुमाल, खडू, टाचण्यांचा डबा. खजूर नाही, गोळी नाही, चॉकलेटचा कागदसुद्धा नाही. तो खुर्चीवरून एका बाजूला कलला.

तिच्या ओरडण्यानं गलीमा धावत आली. तिनं एकदा आत पाहिलं आणि तशीच परत घरी पळाली. आमच्याकडे कोणाला धक्का बसला, घाबरं झालं, घेरी आली की पहिली गोष्ट देतात ती साखरेचं पाणी. आजीनं दिलेलं, पणजीनं दिलेलं. गलीमानं विचार केला नाही, हातांनीच केलं. ग्लासात चार चमचे साखर घालून ढवळत ढवळतच ती आली, गसांतची मान उचलली आणि ग्लास त्याच्या ओठांना लावला.

मूनानं तो ग्लास हाताच्या फटक्यानं उडवला.

"मारतेस का त्याला?" ती किंचाळली. "साखर आहे त्याला! साखर!"

ग्लास भिंतीवर फुटला. गलीमाच्या अंगावर, सॅटिनवर, फरशीवर सगळीकडे पाणी. गसांतची जीभ बाहेर येऊन ओठ चाटून गेली, आणि मग त्याचे डोळे वर गेले.

ॲम्ब्युलन्स आमच्या भागात गुंडांच्या भीतीनं पोलीस सोबत असल्याशिवाय येत नाही. तोयरनं गाडी काढली. मागच्या सीटवर मूनाच्या मांडीवर गसांतचं डोकं. "पाय हलतोय," ती गलीमाला म्हणत होती, "बघ, पाय हलतोय त्याचा."

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, कोवळी पोर. तिनं गसांतच्या बोटाला टोचलं, आकडा पाहिला आणि ओरडून नर्सला बोलावलं. बाटली लावली. मग मूनाकडे वळून भराभर विचारलं, "सुई घेतात का? शेवटचं कधी खाल्लं?"

"सकाळी. दोन अंडी, लोण्यातली."

"त्यावर काही? ब्रेड, फळ? घरून इथे येईपर्यंत गोड काही दिलंत का?"

मूना ताठ झाली. इतके दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लावला होता, ते कोणीतरी शेवटी विचारलं होतं. "एक थेंब नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "माझ्या घरात साखरेचा कणही नाही. शेजारीण पाजायला आली होती. मी ग्लास उडवून दिला."

डॉक्टरीण लिहीत होती ती थांबली. तिनं मूनाकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं ती तिला एका कोपऱ्यात घेऊन गेली, खुर्ची दिली, आणि हळू आवाजात म्हणाली, "आंटी, त्यांची साखर फार उतरली होती."

"उतरली?" मूनाला कळेना. "मग उतरवायचीच तर होती ना?"

पोरीनं समजावलं. सुई साखर खाली ओढते. म्हणून सुई घेणाऱ्याच्या पोटात काहीतरी पिठाचं, भाताचं लागतं. ते बंद करायचं तर सुई कमी करावी लागते, डॉक्टरला सांगून. नाहीतर साखर इतकी खाली जाते की मेंदूला काही मिळतच नाही. "तुम्ही काय खाताय ते क्लिनिकमध्ये सांगितलं नव्हतं का?"

मूनाला गसांतचं 'ओट्स, सिस्टर' आठवलं. मग तिनं विचारलं, "तो ग्लास... तो त्याच्या पोटात गेला असता तर?"

"ते आता नका विचारू, आंटी," डॉक्टरीण म्हणाली. मूनाला तेवढं पुरलं.

गसांत शुद्धीवर आला नाही. बाटल्या चढत राहिल्या, आकडे सुधारले, पण माणूस परत आला नाही. मंगळवारी गेला. पुरुषांनी त्याला न्हाऊ घातलं, इहसाननं बापाच्या अंगावर पाणी ओतलं. पांढऱ्या कापडात गुंडाळायच्या आधी मूनाला आत बोलावलं तेव्हा तिनं पाहिलं, दोन्ही पाय शाबूत होते. ते एक बोट तेवढं आधीच गेलेलं. पाय वाचवला होता तिनं.

दफन करून आल्यावर इहसान तिच्या पायाशी बसला. डोळे सुजलेले. "मम्मा, डॉक्टर काय म्हणाली तुला? मला खरं सांग. कशानं झालं?"

याच पोरानं ताटावर बसून रडत म्हटलं होतं, मला पाय असलेला बाप हवाय. याला काय सांगायचं? "वेळ आली होती त्याची," मूना म्हणाली. "हृदय थांबलं म्हणाली." गलीमानं विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. ग्लासाबद्दल गलीमा कोणापाशी एक अक्षर बोलली नव्हती. मूनानं उडवला म्हणजे काहीतरी कारण असेल, एवढाच तिचा हिशेब.

चाळीसाव्याला घरात दुपारी प्रार्थना झाली. माणसांनी खोली भरली. आलेल्या माणसाला निघताना खाऊची पुडी द्यावीच लागते, म्हणून मूनानं पुन्हा साखर आणली, पुन्हा कढई चढवली. बायका म्हणाल्या, "हात तोच गं मूना!" ती पुड्या बांधत राहिली.

बाहेरच्या खोलीत चहा झाला आणि बोलणं तिथेच आलं जिथे आमच्याकडे ते नेहमी येतं. कोणी म्हणालं, एवढी चरबी खाऊन हृदय थांबणार नाही तर काय होणार! कोणी म्हणालं, छे, ती सुईच वाईट, सुई लागली की माणूस संपला. इहसान सरसावून बसला. "पापांनी दहा वर्षं आधी ब्रेड सोडला असता ना, तर आज इथे बसले असते. मला फार उशीर झाला सांगायला."

"मी सोडलाय," तोयर म्हणाला. "गसांतला माती दिली त्या दिवसापासून. म्हटलं, पोरगा बरोबर सांगत होता."

"आणि उतरतंय हं बाई!" गलीमा कौतुकानं म्हणाली. "रात्री घामानं उशी भिजते बघ यांची, हात थरथरतात. पण इहसान म्हणतो, साखर सुटतेय."

मूना तबक घेऊन दारात उभी होती. तिनं तोयरच्या हातांकडे पाहिलं. कप बशीवर किणकिणत होता.

गप्प बसलं तर तोयर जाणार, बोललं तर इहसान. तिनं तबक खाली ठेवलं. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज बारीकच निघाला. "तोयर, तू सुई घेतोस ना?"

"घेतो की. सकाळ-संध्याकाळ."

"मग ब्रेड खा. आत्ता खा. गसांतचं हृदय थांबलं नव्हतं. साखर संपली होती त्याच्या अंगातली. ब्रेड सोडला आणि सुई तेवढीच राहिली, म्हणून. डॉक्टरणीनं मला सांगितलं होतं. मी लपवलं. गलीमानं साखरेचं पाणी आणलं होतं, त्यानं तो वाचला असता. मी ते त्याच्या तोंडापासून उडवलं."

गलीमानं तोंडावर हात ठेवला. मग सगळे एकदम बोलायला लागले. असं बोलू नये मूना, अल्लाची मर्जी, ज्याची वेळ त्याची वेळ, तू काय केलंस, तू तर जिवापाड केलंस. तिचं बोलणं जणू सांडलेला चहा होता, सगळे तो पुसायला धावले.

इहसान उठला होता. "घाम येतो म्हणून तू फोन केला होतास," तो म्हणाला. "मी सूप दे म्हणालो."

"तुला काय ठाऊक होतं, राजा..."

"मी फोटो काढत होतो त्यांचे." मग बायकोला न बोलावता, चपला न घालता, नुसत्या मोज्यांवर बाहेर गेला. मूना दारापर्यंत धावली. "इहसान! अरे थांब, ऐक!" गाडीचं दार आपटलं. तो खिडकीतून तिच्याकडे बघत होता, पण काच खाली केली नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली. तो पुन्हा या घरात जेवायला बसणार नाही, हे मूनाला त्या क्षणीच कळलं.

ती परत आत आली तेव्हा तोयर कपात बघत बसला होता. त्याला वाईट वाटलं होतं, बिचाऱ्याला, काहीतरी बरं बोलावं असं वाटत होतं.

"पण मूना," तो म्हणाला, "वजन मात्र उतरलं होतं हं गसांतचं. अगदी तरणा दिसायला लागला होता."

"तोयर, तुला कळलं ना मी काय म्हणाले? ती सुई..."

"कळलं, कळलं." त्यानं तिच्या हातावर थोपटलं. "मी जपून करीन. ब्रेड सोडलाय, पण सुई एक दिवससुद्धा चुकवणार नाही, मग तर झालं?"

"हो गं," गलीमा डोळे पुसत म्हणाली, "मी स्वतः देते त्यांना रोज. सुईचं माझ्याकडे लागलं. तू नको काळजी करूस."